वस्तूकडून अर्थाकडे : माध्यमिक स्तरावर ‘बनगरवाडी’तील प्रतीकांचे अध्यापन

सारांश

माध्यमिक स्तरावर कादंबरीतील प्रतीके बहुधा ‘अमुक म्हणजे तमुक’ अशा तयार समीकरणांच्या रूपात शिकविली जातात. परिणामी विद्यार्थ्यास उत्तर येते, परंतु कादंबरी वाचता येत नाही. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) या कादंबरीच्या आधारे, प्रतीकाचे अध्यापन वस्तूपासून सुरू करून अर्थापर्यंत कसे नेता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विद्यार्थ्याचा प्रादेशिक अनुभव हा या अध्यापनात अडथळा न ठरता साधन कसा ठरू शकतो, तसेच त्या अनुभवाला संहितेची मर्यादा का आवश्यक आहे, याचाही विचार औसा तालुक्यातील अध्यापनानुभवाच्या संदर्भात केला आहे.

बीजसंज्ञा : प्रतीक, व्यंजना, ग्रामीण कादंबरी, बनगरवाडी, मराठीचे अध्यापन, स्वमत.

१. प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने माध्यमिक विद्यार्थ्यांच्या एका वाचनवर्गात ‘बनगरवाडी’ ही कादंबरी शिकविली. शिकविण्याच्या ओघात ‘तालीम हे वाडीच्या एकीचे प्रतीक आहे’ असे एक वाक्य फळ्यावर लिहिले गेले. वर्गाच्या अखेरीस विद्यार्थ्यांकडून एक टिपण लिहून घेतले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक वहीत ते वाक्य जसेच्या तसे उतरलेले आढळले. शीर्षक ‘माझे मत’ असे होते आणि मत मात्र शिक्षकाचे होते. ज्या विद्यार्थ्यांनी कादंबरी अर्धीच वाचली होती त्यांनीही हेच लिहिले आणि ज्यांनी ती दोनदा वाचली होती त्यांनीही हेच लिहिले. दोहोंतील फरक दाखविण्याची संधी त्या एका वाक्याने हिरावून घेतली होती. दोष अर्थातच शिकविणाऱ्याचा होता.

हा अनुभव अपवादात्मक नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ या घटकास स्थान देण्यात आले आहे. विद्यार्थ्याने पाठांतरापलीकडे जाऊन स्वतःचा विचार मांडावा, हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. परंतु व्यवहारात स्वमतही मार्गदर्शिकांतून तयार मिळते आणि पाठ केले जाते. प्रतीकांच्या बाबतीत तर हे अधिकच सहज घडते. दिवा म्हणजे ज्ञान, वाट म्हणजे आयुष्य, पाऊस म्हणजे आशा अशी एक यादी विद्यार्थ्याच्या हाती असते आणि कोणत्याही कृतीला ती लावता येते. यादीतील अर्थ चुकीचे असतातच असे नाही. ते वाचन सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असतात, ही खरी अडचण आहे.

म्हणूनच विद्यार्थ्यास प्रतीकाचा अर्थ न सांगता तो अर्थ त्याला स्वतः शोधता यावा, आणि शोधलेला अर्थ पुस्तकातील पुराव्याने सिद्ध करता यावा, यासाठी शिक्षकाने काय करावे, असा प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

२. चिन्ह, रूपक आणि प्रतीक

माध्यमिक विद्यार्थ्यास उपमा व रूपक हे अलंकार व्याकरणातून परिचित असतात. त्यामुळे प्रतीक म्हणजे रूपकच, असा त्याचा समज होतो. हा भेद प्रारंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे.

यासाठी लातूर-धाराशिव परिसरातील विद्यार्थ्यांपुढे वेळा अमावास्येचे, अर्थात येळवशीचे, उदाहरण ठेवता येते. मार्गशीर्ष अमावास्येस शेतात कडब्याची कोप उभारली जाते. तीत चुन्याने रंगविलेले पाच दगड मांडून त्यांची पांडव म्हणून पूजा होते. हे दगड पांडव आहेत हे लहान मुलालाही ठाऊक असते, कारण तो अर्थ परंपरेने निश्चित केला आहे. अशा निश्चित अर्थाच्या वस्तूला आपण संकेत किंवा चिन्ह म्हणू. ‘आई म्हणजे मायेचा सागर’ असे आपण म्हणतो तेव्हा एक वस्तू दुसरीवर आरोपित केली जाते. तेथे सागर प्रत्यक्षात कोठेही नसतो. हे रूपक होय. कादंबरीतील प्रतीकाची जात या दोहोंहून वेगळी आहे. प्रतीक ही कथेत प्रत्यक्ष असणारी वस्तू असते. पात्रे ती वापरतात, बांधतात, मोडतात. तिचा अर्थ आधी ठरलेला नसतो. कथानक जसजसे पुढे सरकते तसतसा तो तिच्याभोवती साचत जातो.

भारतीय काव्यशास्त्रात या प्रक्रियेचे फार सूक्ष्म विवेचन झालेले आहे. शब्दाच्या अभिधा, लक्षणा व व्यंजना अशा तीन शक्ती मानल्या जातात. ‘गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे’ हे शास्त्रकारांचे आवडते उदाहरण. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून आपण ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ घेतो. ही लक्षणा. परंतु ‘काठावर’ न म्हणता ‘गंगेवर’ म्हटल्यामुळे त्या वस्तीचे पावित्र्य व शीतलता मनात जागी होते. ही व्यंजना. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात या सूचित अर्थालाच काव्याचा आत्मा मानले. माध्यमिक वर्गात या संज्ञा शिकविण्याची गरज नाही. परंतु शिक्षकाने त्यातील एक क्रम लक्षात ठेवावा. अगोदर वाच्यार्थ, मग सूचितार्थ. नदी न पाहता थेट पावित्र्याकडे जाता येत नाही. त्याचप्रमाणे तालीम न पाहता थेट ‘एकी’कडे जाता येत नाही.

मराठी कादंबरीत प्रतीकांची परंपरा समृद्ध आहे. कित्येकदा शीर्षकच प्रतीक असते. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. लातूर जिल्ह्यातील काटगाव येथे जन्मलेले रा. रं. बोराडे (१९४०–२०२५) यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) या कादंबरीत एका शिंपी कुटुंबाची वाताहत येते आणि वाऱ्यावर उडणारा वाळला पाला त्या वाताहतीला नाव देतो. ‘बनगरवाडी’ हे शीर्षक मात्र केवळ एका वस्तीचे नाव आहे. ते काहीच सुचवीत नाही असे वाटते. अध्यापनाच्या दृष्टीने हीच सोय आहे, कारण तेथे विद्यार्थ्याला तयार किल्ली मिळत नाही.

३. ‘बनगरवाडी’चीच निवड का?

व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) हे माणदेशातील माडगूळचे. हा भाग त्या काळी औंध संस्थानात होता, आज तो सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. मराठवाड्याशी त्यांचा एक ऋणानुबंध असा की, १९८३ साली अंबाजोगाई येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. राम देशमुख यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९५८ साली आले आणि १९९५ साली अमोल पालेकर यांनी तिच्यावर चित्रपट केला.

कथानक थोडक्यात असे. राजाराम सौंदणीकर हा अगदी तरुण मास्तर संस्थानच्या नोकरीत लागून धनगरांच्या एका लहानशा वाडीवर येतो. वाडीची शाळा बंद पडल्यासारखी आहे. वाडीचा म्हातारा कारभारी त्याला हात देतो. हळूहळू मुले शाळेत येऊ लागतात. मास्तर केवळ मुलांचा न राहता साऱ्या वाडीचा होतो. कोणाची पत्रे लिही, कोणाचा तंटा ऐक, कोणाची अडचण निवार. पुढे त्याच्या मनात तालीम बांधण्याची कल्पना येते. वाडीतील माणसे कष्ट करून ती उभी करतात आणि औंधचे राजे स्वतः तिच्या समारंभास येतात. त्यानंतर पाऊस दगा देतो. दुष्काळ पडतो, चारापाणी संपते, मेंढरे मरू लागतात. एकेक कुटुंब वाडी सोडते. वाडी ओस पडते आणि अखेरीस मास्तरही निघून जातो.

माध्यमिक स्तरासाठी ही कादंबरी तीन कारणांनी सोयीची आहे. पहिले, ती आकाराने लहान आहे. सुटीच्या पंधरवड्यात सामान्य विद्यार्थीही ती पूर्ण वाचू शकतो. पाठ्यपुस्तकात कादंबरी सहसा उताऱ्याच्या रूपात येते आणि उताऱ्यावरून प्रतीक शिकविता येत नाही, कारण प्रतीक घडण्यासाठी प्रारंभ, मध्य व शेवट हे सर्व लागते. दुसरे, तिची भाषा निवेदनात साधी, नेमकी व चित्रदर्शी आहे. लेखक वस्तू दाखवितो आणि तिचा अर्थ सांगत बसत नाही. तिसरे, दुष्काळ, स्थलांतर आणि लहान गावचे जगणे हे आपल्या भागातील विद्यार्थ्यास परके नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. त्यानंतर दशकभरात माध्यमिक वर्गात पोहोचलेल्या मुलांच्या बालपणीची ही घटना आहे.

४. अध्यापनाच्या चार पायऱ्या

पहिल्या अनुभवातील चूक लक्षात आल्यावर प्रस्तुत लेखकाने पुढील वर्गात क्रम बदलला. त्यातून हाती आलेल्या चार पायऱ्या येथे मांडल्या आहेत.

४.१ वस्तूची नोंद

विद्यार्थ्यांना पहिल्या वाचनात ‘प्रतीक’ हा शब्द सांगू नये. वहीत चार रकाने आखून घ्यावेत : वस्तू, ती कोठे येते, तिचे कोण काय करतो, शेवटी तिचे काय होते. दोनदा किंवा अधिक वेळा येणारी कोणतीही वस्तू नोंदवावी, एवढीच सूचना द्यावी. मेंढरे, शाळा, पाऊस, बैल, तालीम अशा नोंदी मुले सहज करतात. काही नोंदी निरुपयोगी ठरतात. त्या खोडू नयेत, कारण कोणती वस्तू केवळ वस्तूच राहिली हे कळणेही वाचनाचा भाग आहे.

नोंद करताना वाच्यार्थाची चौकशी पूर्ण व्हावी. तालीम म्हणजे काय? आजच्या अनेक विद्यार्थ्यांनी ‘जिम’ पाहिलेली असते, तालीम पाहिलेली नसते. तिच्यात लाल माती असते, हौदा असतो, हवा व उजेड बेताचा असतो, हे सांगावे लागते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे व्यायामाचे, विशेषतः सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते होते, ही ऐतिहासिक माहितीही येथे द्यावी. त्यामुळे संस्थानातील एका तरुण मास्तराला तालीमच का सुचावी, याचे उत्तर मिळते. ही माहिती प्रतीकाचा अर्थ नव्हे, त्याची जमीन आहे.

४.२ बदलाचा शोध

दुसऱ्या पायरीवर एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू कादंबरीच्या प्रारंभी, मध्ये व शेवटी सारखीच आहे काय? तालीम प्रथम केवळ मास्तराच्या मनात असते. मग ती अनेकांच्या श्रमात उतरते. दिवसभर मेंढरांमागे विखुरलेली माणसे एका कामाभोवती जमतात. राजाच्या आगमनाच्या दिवशी ती साऱ्या वाडीचे भूषण होते. आणि दुष्काळात माणसे निघून जातात तेव्हा बांधलेली वास्तू जागच्या जागी राहते.

हा शेवटचा टप्पा विचारात घेतला की फळ्यावरचे जुने वाक्य अपुरे पडते. तालीम एकीचे प्रतीक असेल, तर एकी अखेरीस कोठे गेली? एकी होती, पण पावसापुढे ती पुरली नाही. म्हणजे तालीम ही एकीची खूण आहेच, शिवाय त्या एकीच्या मर्यादेचीही खूण आहे. दोन विरोधी अर्थ एकाच वास्तूत नांदतात. समीकरणात हे बसत नाही. विद्यार्थी ‘बदल’ शोधू लागला की तो समीकरणातून आपोआप बाहेर पडतो.

४.३ कोणाच्या दृष्टीने?

‘बनगरवाडी’चे निवेदन मास्तराचे आहे. तालीम, शाळा, वाडी हे सारे आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो. म्हणून तिसरा प्रश्न असा : हीच वस्तू दुसऱ्या पात्राला कशी दिसत असेल?

दुसऱ्या वर्गात हा प्रश्न विचारला असता घडलेला प्रसंग येथे नमूद करणे आवश्यक वाटते. वाडी उठून गेल्यावर तालीम एकटी राहते, म्हणजे गाव हरले, असा सूर बहुतेकांनी लावला होता. प्रस्तुत लेखकाचे मतही त्याहून निराळे नव्हते. तेव्हा ज्याच्या घरी मेंढरे आहेत असा एक विद्यार्थी संकोचत म्हणाला, “मेंढरं तालमीत बांधून ठिवता येत न्हाईत सर. गाव उठलं म्हंजी हारलं कसं? मेंढरं जगवायलाच गेले की ते.”

वर्ग काही क्षण शांत झाला. इतकी वर्षे ही कादंबरी शिकविताना जे लक्षात आले नव्हते ते या तीन वाक्यांत होते. भिंत बांधून एका जागी राहणे हे मास्तराचे मूल्य आहे. शाळा मुलांना एका जागी बसविते, तालीम तरुणांना एका छताखाली आणते. धनगराचे मूल्य मात्र चालण्यात आहे. चारा जिकडे, तिकडे तो. मास्तराच्या दृष्टीने ओस पडलेली वाडी ही शोकांतिका आहे, तर वाडीकराच्या दृष्टीने वाट धरणे हे जगण्याचे जुने, पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे. कादंबरी या दोहोंपैकी एकाचाच पक्ष घेत नाही. मास्तराची हळहळ खरी आहे आणि माणसांचे निघून जाणेही अटळ आहे.

इंग्रजी भाषांतराचे शीर्षक या संदर्भात लक्षणीय ठरते. भाषांतरकाराने ‘बनगरवाडी’ हे नाव न ठेवता ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’, म्हणजे ‘गावाला भिंती नव्हत्या’, असे नाव निवडले. हे शीर्षक फळ्यावर लिहून ‘भाषांतरकाराने असे का केले असेल?’ असे विचारले असता उत्तम चर्चा होते. भिंती नसणे ही उणीव की मोकळेपणा? त्या विद्यार्थ्याच्या उद्गारानंतर वर्गात या प्रश्नाची दोन्ही उत्तरे आली आणि दोन्हींना कादंबरीतून आधार मिळाला.

४.४ संहितेकडे परत

चौथी पायरी शिस्तीची आहे. विद्यार्थ्याने जो अर्थ मांडला असेल त्यासाठी कादंबरीतील किमान दोन प्रसंग त्याने दाखवावेत. प्रसंग दाखविता आला नाही तर अर्थ कितीही सुंदर असो, तो बाजूला ठेवावा. ‘तुझे मत चूक आहे’ असे म्हणण्याऐवजी ‘हे पुस्तकात कोठे दिसते?’ असे विचारावे. या एका प्रश्नाने स्वमताला धीरही येतो आणि वळणही लागते.

५. औशाच्या वर्गातील ‘भिंत’

विद्यार्थ्याचा प्रादेशिक अनुभव प्रतीकाच्या वाचनात कसा उतरतो, याचे आणखी एक उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. औशाच्या मुलांपुढे भिंतीचे एक रूप रोजचे असते, ते म्हणजे गावातील भुईकोट किल्ल्याची तटबंदी. खंदकाने वेढलेली ती भिंत शतकानुशतके उभी आहे. साहजिकच ‘भिंत म्हणजे संरक्षण’ हा अर्थ मुलांना चटकन सुचतो.

परंतु याच तालुक्यातील किल्लारी हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाचे केंद्र म्हणून ओळखले जाते. त्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, हे मृत्यूंचे एक प्रमुख कारण होते. पुढे लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. आजच्या माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी कोणीही तो भूकंप पाहिलेला नाही, पण घरातून तो त्यांनी ऐकलेला आहे. भिंतीवरील चर्चेत एका मुलीने सांगितले, “आमची आजी आजूक बी भितीला लागून झोपत न्हाई.” तिच्या लेखी भिंत म्हणजे आधार नव्हता, धाक होता.

अशा वेळी शिक्षकापुढे दोन मोह असतात. एक, हा अनुभव विषयांतर म्हणून टाळण्याचा. दुसरा, त्या अनुभवाने हेलावून जाऊन तोच कादंबरीचा अर्थ आहे असे मान्य करण्याचा. दोन्ही टाळावेत. ‘बनगरवाडी’त भिंत कोसळून कोणी मरत नाही. त्यामुळे ‘तालीम म्हणजे मृत्यू’ असे म्हणण्यास संहितेत आधार नाही. तथापि, त्या मुलीच्या अनुभवातून एक गोष्ट निश्चितपणे उजळून निघते. माणसाने सुरक्षिततेसाठी उभारलेली वास्तू माणसाला राखेलच असे नाही. बनगरवाडीत तालीम उभी राहते आणि माणसे जातात. किल्लारीत वास्तू पडली आणि माणसे गेली. घटना उलट आहेत, परंतु दोन्हींतून ‘गाव म्हणजे नेमके काय, भिंती की माणसे?’ हा एकच प्रश्न पुढे येतो. पुनर्वसित गावात वाढलेल्या मुलांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. जुने गाव आणि नवे गाव हे शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहेत.

अनुभव हा वाचनाचे दार उघडतो, अर्थाचा निवाडा मात्र संहितेने करावयाचा असतो, असे या चर्चेचे सूत्र मांडता येईल.

६. अतिवाचनाचा धोका

प्रतीक शोधण्याची गोडी लागली की प्रत्येक वस्तू प्रतीक वाटू लागते. यावर उपायही याच कादंबरीत सापडतो. कारभाऱ्याची मुलगी अंजी हिच्यासाठी मास्तर चोळी शिवून आणून देतो. मास्तराच्या लेखी ते साधे काम आहे. वाडी मात्र त्या चोळीत भलताच अर्थ वाचते, कुजबुज होते आणि मास्तर व कारभारी यांच्यातील विश्वासाला तडा जातो. येथे पात्रेच एका वस्तूचे चुकीचे ‘वाचन’ करतात. हा प्रसंग वर्गात जरूर चर्चेला घ्यावा. पुराव्याविना लावलेला अर्थ अन्याय करू शकतो, हे त्यातून विद्यार्थ्यास उमगते.

दुसरा प्रसंग शेकूचा. बैलाची जोडी नसल्यामुळे त्याची बायको एका बैलाच्या जोडीला स्वतः जुवाखाली खांदा देते. हा प्रसंग ‘स्त्रीच्या कष्टाचे प्रतीक’ या तीन शब्दांत गुंडाळण्याची घाई करू नये. अगोदर तो प्रत्यक्ष म्हणून पाहू द्यावा. जू किती जड असते, ओली व कोरडी जमीन ओढण्यात काय फरक पडतो, हे शेतकरी घरातील मुले शिक्षकाहून चांगले सांगतात. काही प्रसंगी प्रत्यक्ष गोष्टच इतकी पुरेशी असते की तिच्यावर अर्थाचे ओझे लादल्यास ती हलकी होते. हा विवेक शिकविणे हाही प्रतीकाच्या अध्यापनाचाच भाग होय.

७. मूल्यमापनाविषयी काही सूचना

शिकविण्याची पद्धत बदलली आणि प्रश्न तेच राहिले, तर विद्यार्थी पुन्हा पाठांतराकडे वळतो. त्यामुळे निदान शाळास्तरावरील चाचण्यांत पुढील बदल करता येतील.

अ) ‘तालीम कशाचे प्रतीक आहे?’ या प्रश्नाऐवजी ‘तालीम बांधताना आणि वाडी उठून गेल्यावर, या दोन वेळी तालमीकडे पाहून मास्तराला काय वाटले असेल? का?’ असा प्रश्न विचारावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते, दुसऱ्यासाठी कादंबरी पूर्ण वाचावी लागते.

आ) पाच गुणांच्या उत्तरात दोन गुण प्रसंगांच्या अचूक उल्लेखाला, दोन गुण अर्थातील बदल दाखविण्याला आणि एक गुण स्वतःच्या मांडणीला द्यावा. शिक्षकाने सांगितलेल्या अर्थाशी उत्तर जुळते की नाही, याला गुण नसावेत.

इ) विद्यार्थ्याने आपले निरीक्षण बोलीत मांडले तर त्याला अडवू नये. वर नमूद केलेले दोन्ही महत्त्वाचे उद्गार बोलीत आले आहेत. प्रमाणभाषेत लिहिण्याचा आग्रह लेखनाच्या अखेरच्या खर्ड्यासाठी राखून ठेवावा. विचार आधी यावा, भाषा मागाहून घासूनपुसून घेता येते.

ई) ग्रामीण शाळांत एका कादंबरीच्या पुरेशा प्रती मिळणे कठीण असते. दोन-तीन प्रतींवर भागवायचे झाल्यास प्रकट वाचनाचा उपयोग करावा. रोज एका विद्यार्थ्याने काही पाने वाचावीत आणि इतरांनी ऐकत रकाने भरावेत. कानाने ऐकलेली वस्तू डोळ्यांसमोर उभी करावी लागते, हा त्यातील अधिकचा लाभ.

८. समारोप

प्रतीक शिकविणे म्हणजे गुप्त अर्थाची यादी देणे नव्हे, हे विधान नवे नाही. परंतु वेळेची टंचाई, परीक्षेचा दाब आणि विद्यार्थ्याविषयीचा अविश्वास यांमुळे आपण वारंवार यादीकडेच वळतो. यांपैकी तिसरे कारण सर्वांत घातक आहे. लहान गावातील, बोली बोलणाऱ्या, घरी पुस्तके नसलेल्या मुलाला सूचितार्थ कळणार नाही, असे आपण मनोमन गृहीत धरतो आणि म्हणून तो आधीच सांगून टाकतो. प्रत्यक्षात आभाळाचा रंग, जनावराची चाल, माणसाच्या बोलण्यातील आडवळण यांतून सूचित अर्थ काढण्याचे काम ही मुले रोजच करीत असतात. त्यांना कमी पडतो तो वर्गातील अवकाश.

‘बनगरवाडी’तील मास्तर वाडीला शिकवायला जातो आणि वाडीकडून पुष्कळ काही शिकून परततो. मेंढरे तालमीत बांधून ठेवता येत नाहीत, हे एका विद्यार्थ्याने सांगितल्यापासून प्रस्तुत लेखक या कादंबरीवर बोलताना फळ्यावर तालमीचा अर्थ लिहीत नाही. फळ्यावर फक्त चार रकाने आखतो आणि खडू वर्गाकडे देतो.